'हँड' : एका इंग्रजी शब्दाचा अर्थविस्तार आणि औद्योगिक कादंबरी

साहित्यकृतीच्या भाषेचा विचार करताना समीक्षेचे लक्ष बहुधा प्रतिमा, प्रतीके, मिथके अशा ठळक घटकांकडे वेधले जाते. रोजच्या बोलण्यातले, लहान मुलालाही ठाऊक असलेले शब्द मात्र या अभ्यासातून निसटतात. विल्यम एम्प्सन यांनी 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स' (१९५१) या ग्रंथात 'ऑनेस्ट', 'फूल', 'सेन्स', 'डॉग' अशा साध्या शब्दांची सविस्तर चिकित्सा केली. एकाच शब्दाचे दोन-तीन अर्थ एकाच वेळी जागे असतात तेव्हा त्या अर्थांच्या परस्परसंबंधातून एक अव्यक्त विधान तयार होत असते, आणि समाज ते विधान न तपासता स्वीकारत असतो, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र आहे. या दृष्टीने पाहता शरीरावयववाचक शब्द विशेष लक्षणीय ठरतात. ते माणसाच्या अगदी निकटचे असतात. म्हणूनच त्यांच्या अर्थात झालेला बदल सहसा कोणाला जाणवत नाही. 'हात' या अर्थाचा इंग्रजी 'हँड' हा शब्द याचे उत्तम उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरीने या शब्दाशी जो झगडा केला, तो मराठी वाचकापर्यंत अनुवादातून आणि वर्गातील अध्यापनातून पुरेसा पोहोचत नाही. त्यामागची कारणे भाषिक आहेत, तशीच सामाजिकही आहेत.

'हँड' हा जर्मानिक कुळातला शब्द. त्याच्या जोडीला इंग्रजीत लॅटिन 'मानुस'पासून आलेला मोठा परिवार आहे : 'मॅन्युअल', 'मॅन्युस्क्रिप्ट', 'मॅन्युफॅक्चर' आणि हातातून सोडवणे या मूळ कल्पनेवर उभा असलेला 'इमॅन्सिपेशन'. मराठीतही हे दुपदरीपण आहे. प्राकृतातल्या 'हत्थ'वरून आलेला 'हात' घरात, शेतात, बाजारात वावरतो. तत्सम 'हस्त' आणि 'कर' हे हस्तलिखित, हस्तक्षेप, करसंपुट अशा ग्रांथिक शब्दांत दिसतात. मात्र रचनेतील या साम्यावरून दोन्ही भाषांतील 'हात' सारखेच काम करतात असा समज करून घेणे धोक्याचे आहे. घोड्याची उंची इंग्रजीत 'हँड'मध्ये मोजतात. हे माप चार इंचांचे. मराठी 'हात' कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा, सुमारे अठरा इंचांचा. पंधरा 'हँड' उंचीचा, म्हणजे पाच फुटांचा घोडा भाबड्या अनुवादात 'पंधरा हात उंच' झाला, तर तो साडेबावीस फुटांचा होतो! इंग्रजी घड्याळाला हात असतात, मराठी घड्याळाला काटे. पत्त्यांच्या डावात इंग्रज खेळाडूच्या मुठीत असतो तो 'हँड'; मराठी खेळाडूच्या मुठीत पाने असतात आणि 'हात' तो जिंकतो. इंग्रजीत हस्ताक्षरालाच 'हँड' म्हणता येते. मराठीत अक्षर चांगले असते, हाताला फक्त वळण असते.

वाक्प्रचारांत तर दोन्ही भाषा कधीकधी एकमेकींना पाठ दाखवतात. एखाद्या गोष्टीतून 'हात धुणे' म्हणजे इंग्रजीत तिची जबाबदारी नाकारणे. या वाक्प्रचारामागे बायबलमधल्या पिलाताची कथा आहे. मराठीत हात धुऊन पाठीस लागणे म्हणजे पिच्छा न सोडणे, आणि वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे म्हणजे आयती संधी साधणे. जबाबदारी टाळायची तर मराठी माणूस हात झटकतो किंवा वर करतो. हा फरक केवळ भाषिक गंमत म्हणून सोडून देता येत नाही. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधला (१८६०-६१) वकील जॅगर्स प्रत्येक अशिलानंतर सुगंधी साबणाने हात धुतो. इंग्रज वाचकाला त्या कृतीत व्यवसायाने गुन्हेगारांशी जोडलेल्या माणसाची नैतिक पळवाट दिसते. मराठी वाचकाला तेथे टापटीप दिसेल, फार तर सोवळे दिसेल. सोवळ्याची सूचना अगदीच चुकीची नाही, पण ती डिकन्सची नाही.

या सर्व अर्थांपैकी एका अर्थाने इंग्रजी समाजाच्या इतिहासात फार मोठी कामगिरी बजावली आहे. 'हँड' म्हणजे हाताने काम करणारा माणूस, आणि पुढे मजुरीवर ठेवलेला माणूस, हा वापर सोळाव्या-सतराव्या शतकांत रूढ झाला. जहाजावर सगळ्या खलाशांना एकदम हाक मारायची तर 'ऑल हँड्स' म्हणत. शेतावरचा गडी 'फार्म हँड' असे. या जुन्या वापरात अवयवाने माणसाचा निर्देश करण्याची लक्षणा आहे, पण तिच्यात तुच्छता असेलच असे नाही. जहाजावरच्या कप्तानाला खलाशाचे नाव माहीत असे, शेतकऱ्याला गड्याचे घर माहीत असे. कापडगिरणीने हे बदलले. एका छपराखाली शेकडो माणसे, ठरलेली वेळ, आठवड्याची मजुरी आणि गरजेप्रमाणे कमीजास्त होणारी संख्या या परिस्थितीत 'हँड' हा मोजदादीचा शब्द झाला. येथे एक विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. हाताने केलेली निर्मिती असा मूळ अर्थ असलेला 'मॅन्युफॅक्चर' हा शब्द याच काळात यंत्रोत्पादनाला चिकटला. हातमाग विणकरांचा धंदा बसला आणि यंत्रमागाने त्याची जागा घेतली. मागाच्या नावातून हात गेला, आणि मागावर उभ्या असलेल्या माणसाचे नावच 'हात' झाले.

चार्ल्स डिकन्स यांची 'हार्ड टाइम्स' ही कादंबरी १८५४ च्या एप्रिल ते ऑगस्ट या महिन्यांत त्यांच्याच 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. त्याआधी जानेवारीत ते लँकशायरमधील प्रेस्टन येथे चाललेला गिरणी कामगारांचा दीर्घ संप पाहून आले होते आणि फेब्रुवारीत त्यांनी त्यावर लेखही लिहिला होता. एफ. आर. लीव्हिस यांनी 'द ग्रेट ट्रॅडिशन'मध्ये (१९४८) या कादंबरीला नैतिक रूपककथा म्हणून उच्च स्थान दिले. रेमंड विल्यम्स यांनी 'कल्चर अँड सोसायटी'मध्ये (१९५८) तिला 'औद्योगिक कादंबऱ्यां'च्या गटात ठेवून तिच्या मर्यादा दाखवल्या. या दोन भूमिकांभोवतीच पुढची बरीच चर्चा फिरत राहिली. दोन्ही भूमिका कादंबरीच्या आशयाशी निगडित आहेत. तिच्या पानापानांवर आणि तेही मोठ्या आद्याक्षराने येणारा 'हँड्स' हा शब्द मध्यवर्ती धरला, तर कादंबरी थोडी वेगळी दिसू लागते.

कोकटाउन या काल्पनिक गिरणीगावातील कामगारांची ओळख करून देताना निवेदक सांगतो की या लोकांना सरसकट 'हँड्स' म्हणतात. आणि पुढे उपरोधाने सुचवतो की विधात्याने त्यांना नुसते हातच दिले असते, किंवा समुद्रकिनाऱ्यावरच्या क्षुद्र जीवांप्रमाणे नुसते हात आणि पोट दिले असते, तर काही लोकांना ते अधिक पसंत पडले असते. या वाक्यात डिकन्स रूढ लक्षणेला अक्षरशः घेतो. भाषेत माणसाचा हात झाला आहे. मग हातापलीकडचा माणूस हा मालकाच्या दृष्टीने अडगळच. बाउंडरबी हा गिरणीमालक पुन्हापुन्हा म्हणतो की प्रत्येक 'हँड'ला सोन्याच्या चमच्याने उंची सूप आणि हरणाचे मांस हवे असते. म्हणजे ज्याला नुसते हातच असावेत त्याला तोंडही आहे, ही त्याची तक्रार! स्टीफन ब्लॅकपूल हा यंत्रमागावरचा चाळिशीचा विणकर त्याच्यासमोर उभा राहून उत्तर देतो, तेव्हा तो हेच म्हणतो की कामगारांना इतकी इतकी शक्ती म्हणून धरणे आणि हिशोबातल्या आकड्यांसारखे वागवणे यातून काहीही सुटणार नाही. ग्रॅडग्राइंडच्या शाळेत सिसी ज्यूप ही मुलगी 'वीस नंबर' असते. शाळेतला आकडा आणि गिरणीतला हात ही एकाच व्यवस्थेची दोन परिभाषित रूपे आहेत.

या शब्दाविरुद्धचा प्रसंग डिकन्सने लुईझाकडे सोपवला आहे. ग्रॅडग्राइंडची मुलगी आणि बाउंडरबीची पत्नी असलेली लुईझा स्टीफनच्या खोलीवर जाते. आजवर तिला हे लोक शेकड्यांनी आणि हजारांनी ठाऊक होते. किती वेळात किती 'हँड्स' किती काम करतील हेही ठाऊक होते. त्यांच्यापैकी एकाच्या घरात, एका वेगळ्या व्यक्तीसमोर ती प्रथमच उभी आहे. या ठिकाणी निवेदनाची गती मंदावते आणि खोलीतल्या वस्तू दिसू लागतात. गणनेच्या शब्दाने जे झाकले होते ते घराच्या तपशिलातून उघडे पडते. हा प्रसंग लहान आहे आणि पुढील कटकारस्थानाच्या धांदलीत तो विसरला जातो, ही कादंबरीची उणीव मानावी लागते.

शेवटी स्टीफन एका पडक्या खाणीच्या विहिरीत कोसळतो. त्याला वर काढतात तेव्हा त्याचा मोडलेला उजवा हात पांघरुणाबाहेर उघडा पडलेला आहे; दुसऱ्या कोणाच्या हाताने तो हाती घ्यावा याची जणू वाट पाहत आहे, असे निवेदक नोंदवतो. स्टीफन रेचेलला आपला हात सोडू नकोस असे सांगतो, आणि ती त्याचा हात धरून त्या शेवटच्या वाटेवर चालते. सबंध कादंबरीभर ज्याचे नावच 'हात' होते त्याला हात परत मिळतो, पण तो मोडल्यावर, म्हणजे गिरणीला त्याचा उपयोग उरला नाही तेव्हा. विल्यम्स यांनी दाखवलेल्या मर्यादा येथेही लागू पडतात : एका सोशिक कामगाराचा हात हातात घेतला जातो, इतर 'हँड्स'चे काय, हा प्रश्न डिकन्स सोडवत नाही. कामगार संघटनेच्या सभेतला समुदाय प्रामाणिक आहे हे तो सांगतो, तरी त्या समुदायाला चेहरे देत नाही. ही टीका मान्य करूनही असे म्हणावे लागते की एका रूढ शब्दाला इतक्या चिकाटीने त्याच्या मूळ शारीर अर्थाकडे ओढत नेणारी दुसरी कादंबरी त्या दशकात सापडणे अवघड आहे.

त्याच साप्ताहिकात सप्टेंबर १८५४ पासून एलिझाबेथ गॅस्केल यांची 'नॉर्थ अँड साउथ' सुरू झाली. गॅस्केल मँचेस्टरमध्ये राहत, गिरणीची वस्ती त्यांना जवळून परिचित होती. त्यामुळे त्यांची हाताळणी अधिक संयत आहे. येथे हस्तांदोलन हे शब्दाला उत्तर म्हणून येते. दक्षिणेतून आलेली मार्गारेट हेल गिरणीमालक थॉर्नटनचा पुढे केलेला हात पाहत नाही, नुसती मान झुकवते. त्याला तो अहंकार वाटतो. पुढे त्याच्या घरच्या मेजवानीत त्यांचे हात प्रथम भेटतात. त्याला ते जाणवते, तिला नाही. पण खरा महत्त्वाचा प्रसंग थॉर्नटन आणि संपात सामील झालेला कामगार हिगिन्स यांच्यातला आहे. मालक कामगाराच्या घरी जातो, त्याला काम देऊ करतो, आणि करार ठरल्यावर त्याचा हात घट्ट दाबतो. लगेच पुढच्या वाक्यात तो पुन्हा मालक होतो आणि वेळेवर ये म्हणून बजावतो. गॅस्केल यांचे हे भान दाद देण्याजोगे आहे. दोन माणसांच्या हातांची भेट होऊ शकते, मात्र तेवढ्याने मालक आणि 'हँड' हे नाते संपत नाही, हे त्यांनी एका श्वासात मांडले.

'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये गिरणी नाही, तरी हाच शब्द वेगळ्या दिशेने उलगडतो. अनाथ पिपला त्याच्या वडील बहिणीने 'हाताने' वाढवले, अशी तिची गावभर ख्याती असते. मूल अंगावर न पाजता वरच्या दुधावर वाढवणे हा या इंग्रजी शब्दप्रयोगाचा अर्थ. लहान पिपला तो ठाऊक नाही; बहिणीचा जड हात त्याच्यावर आणि तिच्या नवऱ्यावर, जो लोहारावर, नेहमीच पडत असल्यामुळे आपण दोघेही 'हाताने'च वाढलो असणार, असे त्याला वाटते. 'वरच्या दुधावर वाढवलेला' हा मराठी प्रयोग अगदी चपखल आहे, आणि तो वापरताच विनोद संपतो. मार आणि पालनपोषण एकाच शब्दात सांगणारी इंग्रजी कोटी मराठीत आणायची तर 'हाताखाली वाढवले' असे काहीतरी योजावे लागेल. पुढे एस्टेला पिपच्या राकट हातांना हसते आणि तोवर कधी न वाटलेली हातांची लाज त्याला वाटू लागते. तेथून त्याचे 'सभ्य गृहस्थ' होण्याचे खूळ सुरू होते. जॅगर्स जेवणाच्या मेजावर मॉली या मोलकरणीचे मनगट सगळ्यांना दाखवतो आणि तिच्या पकडीच्या ताकदीचे कौतुक करतो. ती एस्टेलाची आई आहे हे नंतर उघड होते. राकट हातांना हसणाऱ्या मुलीचा जन्म अशा हातांच्या बाईपोटी झालेला असावा, ही कादंबरीतली सर्वांत कडवट गाठ आहे. जो लोहाराचा हात मात्र सर्वांहून वेगळा. माणसाला चिरडू शकणारा पण पिपच्या खांद्यावर पडताना विलक्षण हळुवार झालेला तो हात डिकन्सने वाफेच्या घणाच्या उपमेने वर्णिला आहे. यंत्राची उपमा माणसाची थोरवी सांगण्यासाठी वापरली जावी, हे 'हार्ड टाइम्स'च्या लेखकाकडून अनपेक्षितच.

मराठी भाषिक जगाशी या शब्दाचा संबंध केवळ वाचनापुरता नाही. 'हार्ड टाइम्स' प्रसिद्ध होत होती त्याच १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत सूत आणि कापडाची कंपनी स्थापन केली. तिची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. यंत्रे लँकशायरहून आली, आणि त्यांच्याबरोबर शब्दही आला. मुंबईतील सरकारी अहवालांत आणि इंग्रजी वृत्तपत्रांत येथील कामगार 'मिल-हँड्स' झाले. महात्मा फुले यांचे सहकारी आणि १८८० पासून 'दीनबंधू'चे संपादन करणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची जी संघटना उभारली, तिचे इंग्रजी नावही 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' असेच होते. सरकारशी आणि मालकांशी त्यांच्याच भाषेत बोलायचे तर त्यांचाच शब्द घेणे भाग होते. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वर्षी स्थापन झालेल्या संघटनेचे नाव मात्र इंग्रजी कागदपत्रांतही 'गिरणी कामगार युनियन' असेच राहिले. 'काम' या शब्दाला 'गार' हा कर्तृवाचक प्रत्यय लागून बनलेला, गुन्हेगार किंवा सल्लागार यांच्या जातीचा हा शब्द माणसाला त्याच्या कृतीवरून ओळखतो. चार दशकांतील हे नामांतर कामगार चळवळीच्या इतिहासकारांनी जेवढे पाहायला हवे तेवढे पाहिलेले दिसत नाही.

तथापि, मराठीने माणसाचा अवयव केला नाही असा अभिमान बाळगण्याचे कारण नाही. 'हस्तक' हा शब्द मराठीतच आहे, आणि तो हिणवण्यासाठीच वापरला जातो. शिवाय मुंबईच्या गिरण्यांत 'हँड' या शब्दात गृहीत धरलेली गोष्ट, म्हणजे कोणताही हात दुसऱ्याच्या जागी चालतो हे तत्त्व, कधीच पूर्णपणे अमलात आले नाही. विणकाम खात्यात धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्या उष्ट्याच्या कारणावरून सवर्ण कामगार अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात येऊ देत नसत, आणि तेथेच मजुरी अधिक होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न लावून धरला. डिकन्सचा मालक माणसाला नुसता हात समजत होता. येथे सहकामगारालाच हातामागचा माणूस कोणत्या जातीचा आहे हे पुरते ठाऊक होते. कोकटाउनचे रूपक परळला जसेच्या तसे लावणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवायला हवे.

मराठीत 'हात' आणि श्रम यांचे नाते प्रामुख्याने दुसऱ्या एका प्रयोगात साठले आहे : हातावर पोट असणे. इंग्रजीतही रोज कमावून रोज खाणाऱ्याचे वर्णन करताना हात आणि तोंड यांची जोडी येते, पण तेथे हाताकडून तोंडाकडे जाण्याची वाट आहे. मराठीत पोट थेट हातावर बसवलेले आहे, आणि ज्याचे ते पोट तो माणूस वाक्यात षष्ठी विभक्तीने हजर आहे : 'त्याचे हातावर पोट आहे.' 'हाताला काम नाही' या तक्रारीतही हात हा काम मिळण्याचा धनी असतो. दुष्काळी भागांत ही तक्रार पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते, आणि १९७७ च्या महाराष्ट्र रोजगार हमी कायद्यामागे तीच आहे. डिकन्सने उपरोधाने कल्पिलेला तो किनाऱ्यावरचा जीव, ज्याला हात आणि पोट एवढेच आहे, मराठी वाक्प्रचारात सहानुभूतीच्या सुरात वावरतो. हाच मराठी अनुवादकासमोरचा खरा पेच आहे. 'हँड्स'साठी 'कामगार' लिहिले तर अर्थ पोहोचतो, पण त्यातला अपमान नाहीसा होतो. 'हातावर पोट असणारे' असे लिहिले तर निवेदकाचा उपरोध करुणेत विरघळतो, आणि बाउंडरबीच्या तोंडी तर ते शब्द शोभणारच नाहीत.

कानाला खटकले तरी बाउंडरबीच्या आणि निवेदकाच्या तोंडी पहिल्यापासून 'हात' हाच शब्द घालणे, तेही अवतरणचिन्हांचा आधार न घेता, हा एक मार्ग उरतो. 'माझ्या गिरणीतले हात', 'हा हात काय म्हणतो', 'हातांची वस्ती' अशी वाक्ये मराठीत विचित्र वाटतील. इंग्रजीत रूढीमुळे बोथट झालेले हे वैचित्र्य डिकन्सला पुन्हा टोकदार करायचे होते. मराठीत ते अनायासे टोकदारच मिळते. शिवाय विहिरीतून काढलेल्या स्टीफनचा मोडका उजवा हात पांघरुणाबाहेर दिसतो त्या जागी अनुवादकाला 'हात' लिहावेच लागणार आहे. तोवर दोन-अडीचशे पाने 'कामगार' वाचत आलेल्या वाचकाला तेथे एका जखमी माणसाचा हात दिसेल, आणि रेचेल तो का सोडत नाही याचे अर्धेच उत्तर त्याच्या हाती लागेल.